शाकाहारी प्राणी परिसंस्थेत काय काम करतात? सातपुडा आणि तापीखोऱ्याच्या संदर्भात सविस्तर उत्तर

चोपडा तालुक्यातील एका शिक्षकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. रोही (नीलगाय), हरणे, ससे हे प्राणी रानात केवळ खात असतात, तर निसर्गाला त्यांचा नेमका उपयोग काय? रानातील गुरांची आणि बकऱ्यांची चराई पूर्ण बंद केली तर जंगल आपोआप सावरते का? आणि शेतात शिरणारे रोही वाढले आहेत, ते निसर्ग सुधारल्याचे लक्षण मानायचे की बिघडल्याचे? वनविभागातील नोकरीत आणि त्यानंतर गावपातळीवरील वन समित्यांसोबत मी मुख्यतः कुरणे आणि चराई याच विषयावर काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे तिन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करतो, कारण ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की शाकाहारी प्राण्याचे खाणे हेच त्याचे परिसंस्थेतील काम असते. कोणती वनस्पती किती खाल्ली जाते, कोणत्या महिन्यात खाल्ली जाते आणि कोणती वगळली जाते, यावरून त्या जमिनीवर पुढील दहा-वीस वर्षांत काय वाढेल, मातीत अन्नद्रव्ये किती वेगाने परततील, उन्हाळ्यात वणवा किती पेट घेईल आणि त्या रानात किती वाघ-बिबटे जगू शकतील हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच ‘प्राणी किती आहेत’ या प्रश्नापेक्षा ‘ते केव्हा आणि किती काळ एका जागी चरतात’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढील सारे विवेचन याच मुद्द्याभोवती आहे.

वनस्पतीच्या शरीराचा मोठा भाग सेल्युलोज या चिवट, तंतुमय द्रव्याचा असतो आणि तो पचवणारे पाचकद्रव्य कोणताही सस्तन प्राणी स्वतः तयार करत नाही. ते काम पोटातील सूक्ष्मजीव करतात. सांबर, भेकर, चिंकारा, रोही, गाय, शेळी हे रवंथ करणारे प्राणी चार कप्प्यांच्या जठरात आधी चारा आंबवतात आणि मग पचवतात. आपले नेहमीचे वानरही पाने खाऊन जगते आणि त्याच्याही जठराचा पुढचा भाग आंबवण्याच्या कामासाठी मोठा झालेला असतो. सशामध्ये हेच काम आतड्याच्या मागच्या भागात होते, त्यामुळे तो मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि पहिल्या फेरीत निसटलेले पोषण दुसऱ्या फेरीत मिळवतो.

खानदेशासारख्या कोरड्या प्रदेशात या पचनाला विशेष महत्त्व आहे. धुळे-शिंदखेडा पट्ट्यात वर्षाकाठी साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फेब्रुवारीपासून जमीन इतकी वाळते की गळलेले पान किंवा उभे वाळलेले गवत कुजवणारे जीवाणू आणि बुरशी यांना ओलच मिळत नाही, आणि ते पान पुढील पावसापर्यंत जवळजवळ तसेच पडून राहते. याच काळात रानात ओलावा आणि ऊब दोन्ही कायम असलेली जागा म्हणजे चरणाऱ्या प्राण्याचे पोट. तेथे तोच चारा दोन-तीन दिवसांत विघटित होऊन लेंडी, शेण आणि मूत्र यांच्या रूपाने जमिनीवर येतो. मूत्रातील नत्र तर झाडांना जवळजवळ लगेच उपलब्ध होते. पाऊस सुरू झाला की शेणकिडे शेणाचे गोळे जमिनीखाली नेतात. त्यातून माती भुसभुशीत होते, खत मुळांपर्यंत पोहोचते आणि शेणावर वाढणाऱ्या माश्यांची संख्याही आटोक्यात राहते. चरणारे प्राणी नसलेल्या कोरड्या रानात ही साखळी थांबते. वाळलेले गवत वर्षानुवर्षे साचते आणि शेवटी बहुधा वणव्यानेच मातीत परतते. तसे झाले की त्यातील नत्राचा मोठा भाग धुरावाटे हवेत निघून जातो.

गवत आणि झाड यांच्या रचनेतील एक फरक समजून घेतल्याशिवाय चराईचा विषय नीट उलगडत नाही. झाडाची वाढ फांदीच्या टोकाकडून होते. शेळीने शेंडा खाल्ला की त्या फांदीची वाढ खुंटते आणि रोपटे लहान असेल तर ते कायमचे खुजे राहते. गवताचा वाढीचा भाग मात्र बुंध्याशी, जमिनीलगत असतो. वरचे पाते खाल्ले तरी खालून नवे पाते येते. गवत आणि चरणारे प्राणी लाखो वर्षे एकमेकांसोबत घडत आले आहेत. गवताने पात्यात सिलिका, म्हणजे वाळूतील कठीण द्रव्य, साठवली, तर चरणाऱ्या प्राण्यांना उंच, झिजीला टिकणारे दात आले. त्यामुळे मर्यादित चराईने गवत मरत नाही. उलट जुनी वाळकी पाती निघून गेल्यामुळे बुंध्यापर्यंत ऊन पोहोचते आणि फुटवे वाढतात.

याला वेळेची अट आहे, आणि आपल्याकडील बहुतेक नुकसान ती अट मोडल्यामुळे झाले आहे. पहिल्या पावसानंतर बहुवार्षिक गवत मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटते. त्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत पाने पुरेशी वाढली नाहीत, तर मुळांतून काढलेले अन्न परत भरले जात नाही. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली जनावरे नेमकी त्याच वेळी कोवळ्या हिरवळीवर सोडली जातात. एक पाते वर आले की खाल्ले गेले, दुसरे आले की तेही गेले, असे दोन-तीन वर्षे सलग घडले की पवन्या, मारवेल यांसारख्या उत्तम गवतांचे ठोंब मरतात. त्यांच्या जागी आधी कुसळी येते. ती कोवळी असताना चालते, पण बी धरल्यावर तिची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. दाब कायम राहिला की वार्षिक, बुटकी गवते, मग तरोटा आणि शेवटी उघडा मुरूम अशी उतरंड लागते. तेवढीच जनावरे त्याच कुरणात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे बी पडून गेल्यावर चरली, तर गवताची फारशी हानी होत नाही. जनावरांची संख्या तीच असूनही केवळ महिना बदलल्याने परिणाम उलटा होतो, हे कुरणांच्या कामात पुन्हा पुन्हा दिसते आणि तरीही बैठकांत चर्चा मात्र संख्येचीच होते.

निवडीचा परिणामही तितकाच खोल असतो. गुरे सागाची राठ पाने सहसा तोंडात घेत नाहीत. अंजनाचा पाला मात्र ती आवडीने खातात, आणि माणसेही तो फांद्या छाटून जनावरांना घालतात. जळगाव-धुळ्याच्या उथळ, खडकाळ जमिनींवर अंजन हे अत्यंत योग्य झाड आहे. त्याचे रोपटे आधी मूळ खोल नेते आणि वरचा भाग बराच काळ अगदी लहान ठेवते. पण हा लहान भाग दरवर्षी खाल्ला गेला तर ते रोपटे कधीच झाड होत नाही. चराईचा सततचा दाब असलेल्या रानात म्हणून मोठी अंजने उभी दिसतात, पण त्यांच्या खाली मनगटाएवढी तरणी झाडे सापडत नाहीत. त्याउलट घाणेरी, तरोटा, रानतुळस या न खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पती पसरत जातात. आपल्या डोंगरांवरील रोशा किंवा तिखाडी गवताचेही तसेच आहे. त्याच्या उग्र वासामुळे जनावरे ते टाळतात, आणि हाच वास देणाऱ्या तेलासाठी खानदेशात पूर्वीपासून त्याच्या भट्ट्या लागत आल्या आहेत. प्राणी काय खातो याइतकेच तो काय सोडतो यावरूनही रानाचे रूप ठरते.

बियांच्या प्रवासाकडे वळू. बोर, आवळा, चिंच, बाभूळ, मोहा यांची फळे, शेंगा किंवा फुले खाणारे प्राणी त्या झाडांची वाहतूक करत असतात. हरणे आवळ्यासारखी कठीण बीची फळे गिळतात आणि नंतर निवांत बसून रवंथ करताना बी तोंडावाटे बाहेर टाकतात. ही बसण्याची जागा बहुतेक वेळा मूळ झाडापासून दूर, थोडी मोकळी असते आणि तेथे रोपट्याला ऊन मिळते. बाभळीच्या शेंगांतील बियांना भुंगेऱ्यांच्या अळ्या लागतात. शेंग लवकर खाल्ली गेली तर पोटातील उष्णतेने आणि रसांनी त्यातील बऱ्याच अळ्या मरतात आणि बीचे कठीण आवरणही नरम होते. म्हणूनच पेरणीसाठी बाभळीचे बी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून गोळा करण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिला पूर्ण शास्त्रीय आधार आहे. वानरांचे योगदान थोडे वेगळे आहे. ते जितके खातात त्याच्या कितीतरी पट पाला आणि फळे खाली पाडतात. कान्हासारख्या मध्य भारतातील जंगलांत चितळांचे कळप वानरांच्या टोळीखाली वावरताना दिसतात, कारण उन्हाळ्यात झाडाच्या शेंड्यावरचा हिरवा पाला त्यांना याच एका मार्गाने मिळतो. वरून वानर आणि खालून चितळ असे दोघेही पहारा देत असल्याने शिकारी जनावराची चाहूलही लवकर लागते.

ही वाहतूक नेहमी आपल्या हिताचीच असते असे मात्र नाही. रोही एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो आणि तेथे ढीग साचतो. वेड्या बाभळीच्या गोड शेंगा खाल्लेल्या रोह्याच्या आणि गुरांच्या विष्ठेतून हे परके झाड नाल्यांच्या काठाने आणि पडीक जमिनींवर पसरत गेले आहे. प्राणी देशी आणि परदेशी असा भेद करत नाहीत. जे गोड असेल ते खातात आणि बी पुढे नेतात.

शाकाहारी प्राणी नाहीसे झाले किंवा परत आले तर काय होते, याची सर्वांत मोठी नोंद आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या माळरानावर झाली आहे. बुळकांडी हा गुरांचा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या खंडात पसरला आणि गुरांबरोबर तेथील विल्डबीस्टसारखे (कळपाने राहणारी मोठी हरिणे) जंगली रवंथ करणारे प्राणीही प्रचंड संख्येने मेले. पुढे आसपासच्या पाळीव गुरांना लस दिल्यावर जंगली कळपांतूनही रोग हटला आणि १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर पोहोचले. इतक्या तोंडांनी गवत खाल्ल्यामुळे वणव्याला लागणारे इंधनच कमी झाले, जळणारे क्षेत्र घटले, लहान रोपटी आगीतून वाचली आणि काही दशकांत झाडोरा वाढला. गवत खाणाऱ्यांची संख्या वाढली आणि झाडे वाढली, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. मधला दुवा आगीचा आहे. हीच बुळकांडी आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या गुरे मारत होती. २०११ मध्ये ती जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

राजस्थानातील भरतपूरचे उदाहरण आपल्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे पाणपक्ष्यांच्या पाणथळ आश्रयस्थानात, १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी घालण्यात आली. बंदीवरून मोठा संघर्ष झाला आणि गोळीबारात माणसेही मरण पावली. पक्ष्यांचे भले होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात म्हशी ज्या पाणगवताला रोखून धरत होत्या ते गवत उथळ पाण्यावर माजले, उघडे पाणी कमी झाले आणि अनेक पाणपक्ष्यांना बसायला, चरायला जागा उरली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झाले. तेथे जंगली मोठ्या शाकाहारी प्राण्यांची जागा शतकानुशतके म्हशींनी घेतली होती. म्हैस काढून घेतली, पण तिचे काम करणारे दुसरे कोणी उरले नव्हते.

सातपुड्यातही नेमकी हीच स्थिती आहे असे मी म्हणणार नाही. येथे पाळीव जनावरांचा दाब बहुतेक ठिकाणी भरतपूरच्या मानाने फार अधिक आणि जमीन फार अधिक उताराची आहे. परंतु मूळ वस्तुस्थिती सारखी आहे. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्यात आणि आसपासच्या जंगलात सांबर, भेकर, चिंकारा, रोही आजही आहेत, पण सातपुड्याच्या खानदेशी उतारांवर खाल्ल्या जाणाऱ्या चाऱ्यातील बहुतांश वाटा आज गाई, बैल, म्हशी आणि शेळ्यांचा आहे. पावरा आणि भिल्ल वस्त्यांतील घरची जनावरे, पायथ्याच्या गावांची ढोरे आणि हंगामात गुजरातच्या काठेवाडातून येणाऱ्या गुराख्यांचे कळप या सर्वांचा भार त्याच उतारांवर पडतो. जंगली कळप पाणी आणि पालवीच्या शोधात आणि शिकाऱ्यांच्या भीतीने सतत जागा बदलत असतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला आपोआप विश्रांती मिळते. घरची जनावरे रोज सकाळी निघून संध्याकाळी गोठ्यात परततात. त्यामुळे गावापासून तास-दोन तासांच्या अंतरातील पट्टा वर्षभर विश्रांतीविना चरला जातो, आणि दिवसभर खाल्लेल्या चाऱ्याचे शेण रानात न पडता गावातील उकिरड्यावर आणि तेथून शेतात जाते. शेतासाठी ते चांगलेच आहे. डोंगराच्या दृष्टीने मात्र ही दररोजची एकतर्फी निर्यात आहे.

याच संदर्भात ठेलारी मेंढपाळांचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. धुळे-साक्री भागातील हे लोक पावसाळा संपल्यावर कळप घेऊन कापणी झालेल्या शेतांकडे निघतात. वेचणी संपलेल्या पऱ्हाटीवर, ज्वारी-मक्याच्या धसकटांत मेंढ्या चरतात आणि शेतकरी त्यांना काही रात्री शेतात बसवून घेतो, कारण त्यातून मिळणारे लेंडीखत त्याला हवे असते. एका शेतात थोडाच मुक्काम करून कळप पुढे सरकतो. तुकड्याला विश्रांती, खताची परतफेड आणि हंगामानुसार स्थलांतर या तिन्ही बाबतींत ही पद्धत जंगली कळपाच्या वागण्याच्या सर्वांत जवळ जाते. वनहद्दीवरील वादांत मेंढपाळाला सरसकट दोषी ठरवण्याची जी सवय आहे, ती मला अन्यायाची वाटते. माझ्या मते अधिक हानी करणारी चराई ही जागा न बदलणारी, जूनपासूनच सुरू होणारी आणि बहुतेक वेळा गावाची स्वतःची असते.

आता पूर्ण बंदीबद्दल. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून शेकडो हेक्टर जंगल परत उभे केले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. धुळे तालुक्यातील लामकानीच्या डोंगरांवरही गावाने चराई थांबवल्यावर उघड्या मुरमावर चांगली गवते परतली. उघडी पडलेली जमीन, मेलेले ठोंब आणि वाहून गेलेली माती अशी अवस्था असेल, तर काही वर्षांची पूर्ण बंदी हाच योग्य उपचार आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. चार-पाच वर्षांत गवत गुडघ्याच्या वर जाते. ते न कापता, न चरता तसेच ठेवले तर मार्चपर्यंत संपूर्ण डोंगर पेटण्याच्या तयारीत असतो. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आपल्या भागात आहेच. तेथून निघालेली एक ठिणगी पाच वर्षांची रोपटी एका दुपारी संपवू शकते. म्हणून जी गावे यशस्वी ठरतात ती बंदीच्या जोडीला गवत कापून नेण्याची व्यवस्था करतात. बी पडून गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, विळ्याने कापलेले गवत गावाला चारा देते आणि वणव्याचे इंधन कमी करते. चरणाऱ्या प्राण्याचे अर्धे काम माणूस विळ्याने करतो, असे म्हणता येईल. उरलेले अर्धे, म्हणजे शेणखत आणि बियांची वाहतूक, विळ्याने होत नाही. त्यासाठी जंगली प्राणी परत यावे लागतात किंवा हिवाळ्यात मर्यादित चराई पुन्हा सुरू करावी लागते.

कीटकांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण शाकाहारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुरांचे प्राणीच येतात. प्रजातींच्या संख्येने पाहिले तर पृथ्वीवरील बहुसंख्य शाकाहारी हे कीटकच आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सातपुड्यातील सागाची पाने जाळीसारखी झालेली दिसतात. ते सागावरील अळीचे काम असते. वनअधिकाऱ्याला त्याची चिंता वाटते, कारण लाकडाची वाढ घटते. पण त्या अळ्यांवर पक्ष्यांची पिले वाढतात, त्यांची विष्ठा पावसातच जमिनीवर पडून झटपट खत होते आणि उघड्या झालेल्या छतातून खालच्या गवताला ऊन मिळते.

तिसऱ्या प्रश्नासाठी थोडे ऊर्जेचे गणित लागते. वनस्पतीने साठवलेल्या ऊर्जेपैकी साधारण दहा टक्के भाग तिला खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरात उतरतो आणि त्यातील पुन्हा साधारण दहा टक्के मांसाहारी प्राण्याकडे जातो. हे प्रमाण काटेकोर नाही, जागेनुसार बदलते. पण त्यामुळेच मोठा शिकारी प्राणी नेहमी विरळ असतो. एका वाघाला वर्षाकाठी सुमारे पन्नास मोठी खुरांची जनावरे लागतात, आणि कळपाची संख्या घटू न देता इतकी शिकार मिळायची तर त्याच्या क्षेत्रात अशी पाचशेच्या आसपास जनावरे असावी लागतात. मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेडा परिसरात वाघ जंगलाबरोबर केळीच्या बागांमध्येही वावरतात हे सर्वज्ञात आहे. तेथे त्यांना गारवा, पाणी, आडोसा आणि रानडुक्कर हे भक्ष्य मिळते. वाघाचे संरक्षण म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या भक्ष्याचे आणि त्या भक्ष्याच्या चाऱ्याचे संरक्षण असते. सातपुड्याच्या उतारांवर गवत नसेल तर सांबर नसतात, आणि सांबर नसतील तर वाघ एक तर गुरांवर येतो किंवा निघून जातो.

१९६० मध्ये हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबोडकिन या शास्त्रज्ञांनी असे मांडले की जग हिरवे दिसते याचे एक कारण शाकाहारी प्राण्यांना त्यांचे शिकारी आवरून धरतात हे आहे. या सिद्धान्तावर नंतर बरीच चर्चा झाली. चाऱ्याचा दर्जा, वनस्पतींतील काटे आणि तुरट द्रव्ये यांचाही वाटा मोठा असल्याचे दिसून आले. तरी तापीखोऱ्यातील रोह्याचे गणित समजण्यासाठी तो उपयोगी आहे. रोही मुळात झुडपी रान आणि गवताळ माळ यांच्या सीमेवरचा प्राणी आहे. तो गवतही खातो आणि पालाही. त्याला अनेकदा जुळी पिले होतात. माळावरचा लांडगा आणि डोंगराकडचा बिबट्या या पिलांवर अंकुश ठेवत. लांडगा आता बहुतेक ठिकाणांहून हटला आहे. दुसऱ्या बाजूला, पूर्वी उन्हाळ्याची उपासमार कळपाची संख्या मर्यादित ठेवत असे. आता विहिरी, बोअर आणि ठिबकमुळे तापीकाठच्या गावांत वर्षातील बारा महिने हरभरा, गहू, मका, कपाशी असे काही ना काही हिरवे उभे असते. नाल्याकाठच्या वेड्या बाभळीच्या दाटीत दिवसा लपायचे आणि रात्री शेतात चरायचे, एवढे पुरेसे होते. शिकारी कमी, उन्हाळी टंचाई नाही आणि गायराने नांगरली गेल्याने नैसर्गिक चारा नाही, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की रोही शेतात दिसणारच. म्हणून त्यांची शेतातील वाढ ही जंगल सुधारल्याची खूण मानता येत नाही. त्याच तालुक्यात चिंकारा वाढलेला दिसत नाही, ही बाब येथे लक्षात घ्यावी. चिंकाऱ्यालाही माळ लागतो. पण तो लाजाळू आहे आणि पिकांच्या आधाराने सहज वाढत नाही. ज्या जातीला माणसाच्या शेतीशी जुळवून घेता येते तीच वाढते आणि उरलेल्या मागे पडतात.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याला परिसंस्थेची भाषा ऐकवून ते भरून निघत नाही. नुकसान होताच वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. ठरावीक अटींवर रोही आणि रानडुक्कर यांच्या पारधीची परवानगी देण्याची तरतूद राज्यात आहे. ती वापरली तरी नर-मादी, हंगाम आणि संख्या यांचा हिशेब नसेल तर कळप फक्त शेजारच्या गावात सरकतो, असे माझे निरीक्षण आहे. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याने प्राणी मरतात आणि माणसेही मरतात, आणि तो गुन्हा आहे. दीर्घकाळ उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे नाल्याकाठची वेडी बाभूळ टप्प्याटप्प्याने काढून तेथे मारवेलसारखे गवत आणि बोर, अंजन, खैर यांसारखी देशी झाडे आणणे. लपण शेताला खेटून राहिले नाही आणि चारा शेताबाहेर मिळाला, की कळपाची ये-जा बरीच बदलते.

शेवटी शाळेसाठी एक काम सुचवतो, कारण विचारणारे शिक्षक आहेत. गावच्या गायरानात किंवा वनहद्दीलगत, ग्रामपंचायतीची आणि गरज असल्यास वनविभागाची परवानगी घेऊन, सारख्याच उताराचे आणि मातीचे तीन छोटे तुकडे निवडावेत. एकाला काटेरी कुंपण घालून चराई पूर्ण बंद ठेवावी. दुसऱ्यात जून ते सप्टेंबर बंदी ठेवून दिवाळीनंतर जनावरे सोडावीत. तिसरा आज चालतो तसाच चालू द्यावा. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रत्येक तुकड्यात मीटरभर लांबी-रुंदीच्या चौकटी ठेवून कोणती गवते किती जागा व्यापतात, उघडी माती किती दिसते, झाडांची रोपटी किती आणि किती उंच आहेत, लेंड्या कोणाच्या आहेत, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. नावे सांगायला गावातील एखादा जुना गुराखी सोबत घ्यावा. त्याला गवत पानावरून ओळखता येते, पुस्तकाला बहुधा फुलोरा लागतो. पहिल्या वर्षी तिन्ही तुकड्यांत फारसा फरक दिसणार नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याची तुलना काळजीपूर्वक करावी, विशेषतः वाळलेल्या गवताचे वजन, नव्या फुटव्यांची संख्या आणि रोपट्यांची उंची या बाबतींत. चराईबंदी किती वर्षे चालवायची आणि कोणत्या महिन्यात उठवायची, याचा तुमच्या गावापुरता आकडा त्या नोंदींतूनच काढता येईल.